पाहुण्यांनी बुकिंग रद्द केलं. पैसे किती ठेवू, किती परत करू?

प्रश्न : नाशिकच्या गंगापूर धरणाच्या बाजूला, सावरगावजवळ आमचं दोन खोल्यांचं घर आहे. मुलं पुण्याला गेल्यापासून ते मी पर्यटकांना देते. काही बुकिंग ॲपवरून येतात, बरीचशी ओळखीतून, व्हॉट्सॲपवर. २६ जानेवारीला जोडून आलेल्या सुट्टीत शुक्रवार ते सोमवार अशा तीन रात्रींसाठी कल्याणच्या एका कुटुंबाने व्हॉट्सॲपवर बोलून ₹३६,००० यूपीआयने भरले. पैसे जमा होताच मी 'बुकिंग कन्फर्म, नो रिफंड' असा मेसेज टाकला. बुधवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला : आजोबांना दवाखान्यात ॲडमिट केलंय, येता येणार नाही, पैसे परत करा. शनिवारची रात्र मला दुसऱ्या पाहुण्यांना ₹९,००० ला देता आली. शुक्रवारी आणि रविवारी घर रिकामं राहिलं. आता ते ग्राहक मंचात जायची भाषा करतात. पुतण्या म्हणतो, 'नो रिफंड' लिहिलंय ना, मग एक रुपया देऊ नकोस. खरं काय? आणि यापुढे रद्द करण्याचा नियम कसा ठेवू? आणखी एक. २०२७ च्या कुंभासाठी इंदूरच्या एका भजनी मंडळाने ऑगस्टमधल्या चार रात्री आमच्या पावसाळ्याच्या नेहमीच्या भावाने, रात्रीला ₹६,००० ने ठरवल्या आहेत आणि ₹५,००० पाठवले आहेत. आता सगळे म्हणतात भाव तिपटीने वाढतील. ते बुकिंग मी रद्द करू शकते का?

उत्तर : ताई, आधी आकडा सांगतो, कारण सध्या तुमची झोप त्यानेच उडाली असणार. पूर्ण ₹३६,००० परत करायची गरज नाही. पूर्ण ठेवताही येणार नाहीत. माझ्या हिशेबाने साधारण ₹१३,००० परत करावेत आणि ₹२३,००० ठेवावेत. हा हिशेब कुठून आला ते समजलं, की पुढचे नियम तुम्हाला स्वतःलाच बसवता येतील.

पुतण्याचं म्हणणं दोन ठिकाणी चुकतं. पहिली चूक वेळेची. पाहुण्यांनी तारखा विचारल्या, तुम्ही भाव सांगितला, त्यांनी पैसे भरले. करार तिथेच पूर्ण झाला. 'नो रिफंड'चा मेसेज त्यानंतर आला. करार झाल्यावर एका बाजूने टाकलेली अट दुसऱ्या बाजूला बांधत नाही, त्यांनी खाली अंगठ्याची खूण टाकली नसेल तर नाहीच नाही. पैसे येण्याआधी पाच मिनिटं हाच मेसेज गेला असता तर आज तुमची बाजू बरीच भक्कम असती. म्हणून तुमच्या फोनमधलं ते सगळं संभाषण एकदा वरपासून खालपर्यंत वाचा. आधी कुठे बोलता बोलता 'रद्द केलं तर पैसे मिळत नाहीत' असं तुम्ही लिहिलं असेल, तर ते मला कळवा. आणि काहीही पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार असं संभाषण प्रमाणपत्र जोडून पुरावा म्हणून दाखल करता येतं.

दुसरी चूक मोठी आहे आणि ती केवळ पुतण्याची नाही. निम्मे होमस्टेवाले ती करतात. अट वेळेत लिहिली असती तरी सगळी रक्कम आपोआप तुमची झाली नसती. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ७४ सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात हे पक्कं केलं. तो व्यवहारसुद्धा एका बंगल्याचाच होता. विकणाऱ्याच्या हातात ₹२५,००० आले होते, त्यातला इसार होता फक्त ₹१,०००. व्यवहार मोडल्यावर न्यायालयाने इसाराचे हजार ठेवू दिले. उरलेले ₹२४,००० जप्त करू दिले नाहीत, कारण तेवढं नुकसान झाल्याचा पुरावा नव्हता.

तुमच्या शनिवारच्या रात्रीशी जास्त जुळणारा निकाल २०१५ चा आहे, कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण. प्राधिकरणाने ₹७८ लाखांचा इसार जप्त केला आणि नंतर तोच भूखंड पहिल्या किमतीच्या कितीतरी जास्त भावाने विकला. न्यायालयाने विचारलं, मग नुकसान कुठे झालं? पैसे व्याजासह परत करायला लावले. तेच सूत्र तुमच्याकडे लावा. जी रात्र दुसऱ्याला गेली, तिच्यावर कल्याणच्या पाहुण्यांकडून तुम्हाला फार तर फरक घेता येईल, पूर्ण भाडं नाही.

आता तुमच्या बाजूचा कायदा. रद्द करण्याची कुठलीच अट ठरलेली नसली तरी घरमालक हात चोळत बसत नाही. करार अधिनियमाच्याच कलम ७३ नुसार करार मोडणाऱ्याकडून प्रत्यक्ष नुकसानाची भरपाई मिळते. मात्र त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलंय की नुकसान कमी करण्याचे जे मार्ग हाताशी होते, तेही हिशेबात धरायचे. तुम्ही बुधवारी लगेच तारखा पुन्हा खुल्या केल्या आणि एक रात्र दिली, हे अगदी योग्य केलंत. मग हिशेब असा : ठरलेले ₹३६,०००, वजा नव्या पाहुण्यांचे ₹९,०००, राहिले ₹२७,०००. त्यातून दोन रिकाम्या रात्रींचा वाचलेला खर्च वजा करायचा, म्हणजे नाश्ता, गॅस, चादरींची धुलाई, स्वयंपाकाच्या मावशींचा रोज. तुम्ही तो कळवलेला नाही, म्हणून मी रात्रीला ₹२,००० धरले. वहीतला खरा आकडा घाला. राहतात ₹२३,०००.

आजोबांच्या आजारपणाबद्दल कायद्याचं उत्तर कोरडं आहे. कलम ५६ मध्ये करार 'अशक्य' झाला तर तो संपतो. पण घर उभं होतं, रस्ता चालू होता, घरातलं आजारपण या कलमात सहसा बसत नाही. तरी मी तुमच्या जागी असतो तर इथे थोडा हात सैल सोडला असता. दवाखान्याचा कागद दाखवल्यास उरलेल्या रकमेपैकी एका रात्रीचे पैसे वर्षभरात केव्हाही, सुट्टीचे दिवस सोडून, राहायला येण्यासाठी जमा धरते, असं सांगा. मंगळवारी-बुधवारी तुमचं घर तसंही बहुतेक रिकामं असतं. तुम्हाला त्याची फार झळ बसणार नाही आणि तिकडे त्या माणसांवर काय प्रसंग आहे तो आपण जाणतो.

ग्राहक मंचाची धमकी पोकळ नाही, पण घाबरून सगळे पैसे देऊन टाकावेत अशीही नाही. मंच हे नाव तोंडात राहिलंय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तो जिल्हा आयोग झाला आहे. या कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे तारखांना तुम्हाला ठाणे जिल्ह्याच्या आयोगापर्यंत जावं लागू शकतं. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही, त्यामुळे ते खरंच तक्रार करतील. नुकसानाच्या तुलनेत अगदीच बेसुमार दंड लावणारा करार या कायद्याच्या कलम २(४६) मध्ये 'अनुचित करार' ठरतो. ₹३६,००० पैकी ₹३६,००० धरून ठेवणारी घरमालकीण तिथे उभी राहिली, तर तिला उत्तर देणं जड जाईल. हिशेब लिहून ₹१३,००० स्वतःहून परत करणारी घरमालकीण वेगळी दिसते. म्हणून हा मेसेज पाठवा आणि पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात टाका :

'नमस्कार. आजोबांची तब्येत लवकर सुधारो. बुधवारी तुम्ही रद्द केल्यावर मी तारखा लगेच खुल्या केल्या. शनिवारची रात्र ₹९,००० ला गेली, शुक्रवार आणि रविवार रिकामे राहिले. वाचलेला खर्च ₹४,०००. हे दोन्ही मिळून ₹१३,००० परत करत आहे. हा आपल्यातल्या या बुकिंगचा पूर्ण आणि अंतिम हिशेब समजावा. मान्य असल्यास कळवा.'

खर्चाचा आकडा बदलला तर मेसेजमधलाही बदला. त्यांनी 'मान्य' लिहिलं तर उत्तम. नाही लिहिलं तरी पैसे पाठवा. न्याय्य वाटणारी रक्कम अडवून धरल्याने तुमची बाजू भक्कम होत नाही.

पुढच्या नियमाबद्दल. 'कडक ठेवू की सैल' असा विचार करण्याआधी तुमची गेल्या दोन-तीन वर्षांची बुकिंगची वही घेऊन बसा. रद्द झालेली रात्र पुन्हा भरायला तुम्हाला किती दिवस लागतात, हे तिच्यात आहे. नाशिकला येणारी मुंबई-ठाण्याची माणसं साध्या शनिवार-रविवारचं बऱ्याचदा त्याच आठवड्यात ठरवतात; पण द्राक्षाच्या हंगामातली लांब सुट्टी किंवा नाताळ ती महिनाभर आधी ठरवतात. म्हणजे साध्या आठवड्यात पाच दिवस आधी रद्द झालं तर तुमचं फारसं काही जात नाही, लांब सुट्टीत पाच दिवस आधी झालं तर बरंच जातं. या दोन काळांना एकच नियम लावू नका. आणि उद्या कोणी विचारलं की पंधरा दिवसच का, तर वही दाखवा. वाजवी म्हणजे काय, याचा त्याहून चांगला पुरावा तुमच्याकडे असणार नाही.

थेट बुकिंगसाठी मी पूर्ण रक्कम आधी घेण्याच्या विरुद्ध आहे. इसार घ्या, तीस टक्के, आणि त्याला स्पष्टपणे इसारच म्हणा. जमिनीच्या व्यवहारात इसारपावती आपल्याकडे सगळ्यांना कळते, इथेही कळेल. वाजवी इसार आणि आगाऊ घेतलेलं सगळं भाडं यांत न्यायालयं फरक करतात, तो आपण वर पाहिलाच. पैसे मागण्याच्या आधी हा मजकूर पाठवा आणि 'मान्य' असं उत्तर आल्यावरच यूपीआयचा क्रमांक द्या :

'साध्या दिवसांत येण्याच्या पाच दिवस आधीपर्यंत रद्द केल्यास पूर्ण पैसे परत. त्यानंतर एका रात्रीचं भाडं कापून बाकी परत. लांब सुट्टी आणि नाताळात पंधरा दिवस आधीपर्यंत पूर्ण परत, पंधरा ते पाच दिवसांत निम्मे परत, त्यानंतर परत नाही. मात्र रद्द झालेली रात्र दुसऱ्या पाहुण्यांना गेली, तर मिळालेली रक्कम तुम्हाला परत मिळेल. आमच्याकडून रद्द झाल्यास भरलेले सर्व पैसे तीन दिवसांत परत आणि राहण्याची दुसरी सोय शोधायला मदत.'

शेवटून दुसरं वाक्य गाळू नका. तेवढ्या एका वाक्याने तुमचा नियम दंडाचा न राहता नुकसानाचा होतो. शेवटचं वाक्यही माझ्या मनचं नाही. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांत कंपन्यांवर असंच बंधन आहे : स्वतः एकतर्फी रद्द केल्यावर तुम्ही तसाच आकार सोसणार नसाल, तर ग्राहकाकडून रद्द करण्याचा आकार घेता येणार नाही. तुमच्या व्हॉट्सॲपवरच्या बुकिंगला तो नियम थेट लागू पडो न पडो, आयोग दोन्ही बाजूंना सारखं माप लावलंय का हे बघणारच.

ॲपवरच्या बुकिंगला तुमचा हा मजकूर चालणार नाही. तिथे कंपनीने दिलेल्या धोरणांतूनच निवडावं लागतं आणि चॅटमध्ये वेगळी अट घालू नये. ज्या दिवशी बुकिंग झालं त्या दिवशीचं धोरण त्या बुकिंगला लागू राहतं, हे लक्षात ठेवून हंगामाच्या बरंच आधी बदल करा. मधलं धोरण तुमच्यासाठी पुरेसं आहे. सगळ्यात कडक घेतलं की पावसाळ्यात चौकशाच कमी होतील. आणि जीएसटीची नोंदणी असेल तर सीएंना सांगा, रद्द केल्यावर ठेवून घेतलेल्या रकमेवरही राहण्याच्या भाड्याच्याच दराने कर लागतो, असं ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात आहे.

आता कुंभ. इंदूरच्या मंडळाचं बुकिंग रद्द करू नका. भाव वाढला हे करार मोडायला कारण होत नाही. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे, दुसरं ३१ ऑगस्टला, तिसरं ११ सप्टेंबरला, त्र्यंबकेश्वरला १२ ला. ऐनवेळी तुम्ही नाही म्हणालात आणि मंडळाला दुसरीकडे रात्रीला ₹१५,००० मोजावे लागले, तर रात्रीमागे ₹९,००० चा फरक, चार रात्रींचे ₹३६,०००, ते कलम ७३ खाली तुमच्याकडून मागू शकतील, आणि तक्रार इंदूरला करतील. ₹५,००० परत पाठवले म्हणून सुटका होत नाही. परिस्थिती बदलली आहे, पाणी, वीज, माणसांचे रोज वाढणार आहेत, म्हणून भाव थोडा वाढवून द्याल का, असं विचारायला हरकत नाही. त्यांनी हो म्हटलं तर लेखी घ्या. नाही म्हटलं तर ठरलेल्या भावाने द्या. गोदेच्या स्नानाला वर्षभर आधी घर ठरवून येणाऱ्या माणसांना आपण नाशिककरांनी दारातून परतवू नये, हे मी वकील म्हणून नाही, इथला माणूस म्हणून लिहितोय.

कुंभाच्या नव्या बुकिंगांत मात्र एक वेगळी अट हवी. त्या दिवसांत शहराबाहेर वाहनतळ असतात, रस्ते बंद होतात, पुढे चालावं लागतं. सावरगावहून रामकुंडापर्यंत गाडी जाईल, असं कोणालाही सांगू नका. प्रशासनाच्या लेखी आदेशाने पाहुण्यांना तुमच्या घरापर्यंत पोचताच आलं नाही, तर पूर्ण पैसे परत. गर्दी, वाहतूक किंवा चालावं लागणं या कारणाने रद्द केलं, तर वरचा नेहमीचा नियम. हे दोन्ही आधीच लिहा. पहिल्या प्रसंगात कलम ५६ आणि ६५ मुळे पैसे परत करावेच लागू शकतात. ते करारात असलं की भांडण होत नाही.

मंडळाला आज एक मेसेज टाका : तारखा, रात्रीचा भाव, मिळालेले ₹५,०००, किती माणसं, आणि वाहतुकीची अट. त्यांच्याशी तोंडी ठरलेलं असेल तर अजून बराच वेळ आहे, ते कागदावर येऊ द्या. कल्याणच्या कुटुंबाचे पैसे मात्र याच आठवड्यात पाठवा.