विचारा लायब्ररीयन मॅडमला : नाव एकच, प्रोफाइल दोन

मागच्या अंकात सायटेशन डेटाबेसमधल्या (म्हणजे कोणत्या पेपरने कोणत्या पेपरचा संदर्भ दिला याची नोंद ठेवणारी स्कोपस, वेब ऑफ सायन्स अशी साधनं) नव्या सोयींबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतेय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. ज्यांचं उत्तर राहिलं त्यांना पुढच्या अंकात नक्की.

प्रश्न : मॅडम, माझे एकूण आठ पेपर आहेत. चार माहेरच्या आडनावाने आणि चार सासरच्या. स्कोपसवर माझी दोन वेगवेगळी प्रोफाइल दिसून राहिली, एकीकडे एच-इंडेक्स ३ आणि दुसरीकडे ४. प्रमोशनच्या फॉर्मवर कोणता लिहू? बेरीज करून ७ लिहिला तर चालतो का?
— असिस्टंट प्रोफेसर, धरमपेठ

नाही ताई, ७ लिहू नका, फॉर्म तपासणारा पकडेल आणि तुमची काही चूक नसताना तुम्हालाच खाली मान घालावी लागेल. एच-इंडेक्स म्हणजे काय ते आधी बघू. २००५ मध्ये हिर्श नावाच्या फिजिक्सच्या प्रोफेसरांनी हे माप सुचवलं. ५ पेपरना प्रत्येकी निदान ५ सायटेशन असतील तर एच-इंडेक्स ५. आता समजा तुमच्या पहिल्या चार पेपरना ९, ६, ४, १ अशी सायटेशन आहेत, तर तिथे ३ येतो. दुसऱ्या चारांना ८, ५, ५, ४ आहेत, तर तिथे ४ येतो. सगळे आठ एकत्र उतरत्या क्रमाने लावा : ९, ८, ६, ५, ५, ४, ४, १. पाचव्या पेपरला ५ आहेत, सहाव्याला ४च, म्हणजे एच-इंडेक्स ५. सातही नाही आणि चारही नाही. तुमचे खरे आकडे वेगळे असतील पण हिशोब असाच लागतो, म्हणून आधी प्रोफाइल एक करून घ्या आणि मग जो आकडा दिसेल तोच लिहा.

दोन प्रोफाइल होतात कशी, तर ती माणूस बसून बनवत नाही. नाव, संस्था, विषय, सोबतचे लेखक हे सगळं जुळवून कॉम्प्युटरच ठरवतो की हा लेखक तोच की दुसरा, आणि आपली मराठी नावं तिथे फार मार खातात हो. लग्नानंतर आडनाव बदलतं आणि मधलं नावही बदलतं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं येतं, म्हणजे तीनपैकी दोन शब्द गेले. बरं, आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, मग स्वतःचं, मग वडिलांचं. मुलं पेपर सबमिट करताना मार्कशीटवरचं तसंच्या तसं टाकतात आणि बाहेरचा जर्नलवाला शेवटचा शब्द आडनाव समजतो, म्हणजे देशमुख स्नेहल रमेश ही मुलगी डेटाबेसमध्ये 'रमेश, डी. एस.' होऊन बसते. मी लायब्ररीत असताना अशी कितीतरी मुलं बघितलीयत, स्वतःचाच पेपर शोधतात आणि सापडत नाही, आणि चेहरा असा होतो की बघवत नाही.

भरीत भर संस्थेचं नाव. आपलं नागपूर विद्यापीठ १९२३ चं, २००५ मध्ये त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं. आता कोणी पूर्ण नाव लिहितो, कोणी आरटीएमएनयू, कोणी नुसतं नागपूर युनिव्हर्सिटी, आणि कोणी तर फक्त कॉलेजचं नाव लिहून मोकळा.

तर करायचं असं. ऑर्किड आयडी, म्हणजे संशोधकाचा ओळख नंबर, काढा, तो फुकट आहे, २०१२ पासून आहे आणि कोणालाही काढता येतो. सोळा अंकी नंबर मिळतो (शेवटी कधी कधी एक्स हे अक्षर येतं, ते चुकून आलेलं नसतं) आणि तो जन्मभर तुमचाच, आडनाव बदललं तरी, कॉलेज बदललं तरी. त्यात 'इतर नावं' अशी जागा आहे तिथे माहेरचं नाव, सासरचं नाव, इनिशियलवालं नाव, सगळं टाका. मग स्कोपसवर फुकटची ऑथर सर्च आहे, तिला सबस्क्रिप्शन लागत नाही. तिथे दोन्ही प्रोफाइल निवडून एकत्र करायची रिक्वेस्ट टाका, कोणता पेपर आपला आणि कोणता नाही हेही तिथेच टिक करता येतं, आणि तिथूनच पेपर ऑर्किडमध्ये पाठवायचीही सोय आहे. लगेच होत नाही, थोडं थांबावं लागतं, म्हणून फॉर्मच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री हे काम काढू नका.

आणि पीएच.डी. सुरू करणाऱ्या पोरापोरींनो, पहिला पेपर पाठवायच्या आधीच ठरवा की आपण आयुष्यभर कोणत्या नावाने लिहिणार. मुलींना तर मी हात जोडून सांगते, लग्न झालं तरी पेपरवरचं नाव बदलायचं काही बंधन नाही, ज्या नावाने काम केलं ते नाव तुमचं आहे.

प्रश्न : नमस्कार मॅम, संत्र्यावरच्या डिंक्या रोगावर मी थिसिस करून राहिलो. आमच्याकडे डेटाबेसमध्ये एआय आलंय, प्रश्न टाकला की सारांश येतो, खाली रेफरन्सही येतात. गाईड सर म्हणतात हे वापरायचं नाही. पण रेफरन्स खरे असतात, मग वापरलं तर काय बिघडलं?
— एम.एस्सी. ॲग्रीचा विद्यार्थी, महाराजबाग

वापर बाळा, पण दार उघडायला वापर, घर समजून राहू नको. स्कोपसचं एआय जानेवारी २०२४ मध्ये आलं, वेब ऑफ सायन्सचा रिसर्च असिस्टंट त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. साध्या चॅटबॉटपेक्षा ही साधनं बरी, कारण ती डेटाबेसमधल्या नोंदींवरून उत्तर देतात, त्यामुळे हवेतले पेपर बनवून देण्याचा धोका कमी. नवीन विषयात शिरताना, कोणते शब्द टाकून शोधायचं, कोण लोक यावर काम करतात, हे कळायला खूप मदत होते. इतकं मी मनापासून मान्य करते.

पण स्कोपसचं एआय सारांश काढतं तो ॲबस्ट्रॅक्टवरून, म्हणजे पेपरच्या सुरुवातीच्या छोट्या गोषवाऱ्यावरून. पूर्ण पेपरवरून नाही. आणि तुझ्या विषयात सगळा जीव ॲबस्ट्रॅक्टच्या बाहेर आहे. डिंक्या होतो फायटोप्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे, तो पाण्यातून पसरतो. आपल्याकडची संत्र्याची कलमं बहुतेक जंबेरी लिंबाच्या खुंटावर (खालच्या मुळाकडच्या झाडावर) बांधलेली आणि आपली जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी. आता एखाद्या पेपरच्या ॲबस्ट्रॅक्टमध्ये लिहिलंय की अमुक औषधाने रोग कमी झाला. खुंट कोणता होता? झाडं बागेत होती की कुंडीत? जमीन निचऱ्याची होती की आपल्यासारखी चिकण? हे पेपरच्या आत, पद्धतीच्या भागात, तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात कुठेतरी असतं. सारांश वाचून तू लिहिशील 'औषध परिणामकारक आहे', आणि उद्या काटोल-नरखेडचा एखादा शेतकरी त्याच भरवशावर पंपात औषध भरेल. हा थिसिस त्याच्यासाठी आहे ना, नुसता डिग्रीसाठी नाही.

तुझ्या गाईड सरांना तू असं म्हण की सर मी एआयने पंधरा पेपर शोधले आणि पंधराही मूळ वाचले, ही घ्या माझी वही. ते नाही म्हणणार नाहीत. थिसिसमध्ये जो पेपर तू उघडून वाचला नाही त्याचं नाव लिहू नको, एवढा एक नियम पाळ. आणि तुमच्याकडे एआय वापरलं हे कळवायचा नियम असेल तर तसं स्पष्ट लिही, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

प्रश्न : एखाद्या पेपरला २०० सायटेशन आहेत म्हणजे तो चांगलाच असणार ना? आणि वेब ऑफ सायन्सवर आता सायटेशनसमोर बॅकग्राउंड, सपोर्ट, डिफर असं काहीतरी दिसतं ते काय आहे?
— रिसर्च स्कॉलर, अंबाझरी रोड

नाही, २०० म्हणजे २०० लोकांनी नाव घेतलं एवढंच. चांगलं म्हणून घेतलं की चुकीचं म्हणून घेतलं हे आकडा सांगत नाही. नेमकं तेच सांगायचा प्रयत्न आता सुरू झालाय. वेब ऑफ सायन्स जिथे जमेल तिथे दाखवतं की पुढच्या लेखकाने हा पेपर नुसता पार्श्वभूमीला घेतला, की त्याच्यावर आपलं काम उभारलं, की चर्चा केली, की आपला निष्कर्ष याच्याशी जुळला, की वेगळा आला. मला विचाराल तर गेल्या काही वर्षांतल्या सगळ्या नव्या सोयींमध्ये ही सगळ्यात कामाची. 'डिफर' वर क्लिक करा आणि ते पेपर आधी वाचा, तुमच्या विषयातलं खरं भांडण कुठे आहे ते तिथे कळतं. मात्र हे वर्गीकरणसुद्धा मशीनच करतं, म्हणून ते वाक्य स्वतः वाचून बघायचं.

यामागची गोष्ट नागपूरकरांना चटकन समजेल. सायटेशन इंडेक्सची कल्पना युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये मांडली आणि १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स छापून आला. त्यांना ही वाट दाखवली वकिलांच्या पुस्तकांनी, अमेरिकेत शेपर्ड्स सायटेशन्स म्हणून १८७३ पासूनची परंपरा आहे, कोणता निकाल पुढे कोणत्या कोर्टाने मान्य केला आणि कोणी फिरवला याची नोंद. आपल्या हायकोर्टाच्या खंडपीठात जा, कोणताही वकील जुना निकाल वाचून दाखवण्याआधी बघतो की तो अजून उभा आहे की ओव्हररूल झाला, आणि ज्या एआयआरमध्ये (ऑल इंडिया रिपोर्टर, निकाल छापणारं प्रकाशन) देशभरचे वकील निकाल शोधतात ते तर आपल्या नागपुरातूनच निघतं. संशोधकाने पेपरबाबत नेमकं तेच करायचंय, अजून उभा आहे का ते बघायचं.

म्हणून रिट्रॅक्शन तपासा, म्हणजे जर्नलने पेपर मागे घेतला का ते. २०२३ मध्ये क्रॉसरेफने (पेपरना डीओआय हा ओळख नंबर देणारी संस्था) रिट्रॅक्शन वॉचचा मागे घेतलेल्या पेपरचा सगळा डेटाबेस घेऊन लोकांसाठी खुला केला, आता फुकट बघता येतो. आणि २०२५ पासून इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलच्या पेपरना सरासरी किती सायटेशन मिळतात ते माप) काढताना मागे घेतलेल्या पेपरची सायटेशन धरत नाहीत, उशिरा झालं पण बरं झालं.

प्रश्न : आमचं कॉलेज तालुक्याच्या गावी, विनाअनुदानित. ना स्कोपस ना वेब ऑफ सायन्स. सरकारच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेत आम्हाला जर्नल वाचायला मिळतील का? आणि व्हॉट्सॲपवर मेसेज येतात, 'स्कोपस इंडेक्स्ड, ७ दिवसांत पब्लिश', ते खरे का?
— एक प्राध्यापक, उमरेड

आधी दुसऱ्याचं, कारण तिथे पैसे जातात. ७ दिवसांत पब्लिश म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका सर. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने १४ हजार भरले, स्टायपेंड साठवून साठवून. पेपर वेबसाईटवर दिसला, सर्टिफिकेटही आलं, आणि नंतर कळलं की खऱ्या जर्नलचं नाव आणि आयएसएसएन (जर्नलचा ओळख नंबर) उचलून कोणीतरी खोटी साईट उभी केली होती. ती मुलगी माझ्यासमोर बसून रडली, आणि मला अजून वाईट वाटतं की मी तिला आधी भेटले नाही. स्कोपसची जर्नल यादी फुकट बघता येते, आयएसएसएन टाका, कव्हरेज चालू आहे की बंद झालंय ते वाचा आणि जर्नलच्या साईटवर जायचं ते तिथल्या प्रकाशकाच्या नावावरून, मेसेजमधल्या लिंकवरून कधीच नाही. यूजीसीने मान्य जर्नलची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, म्हणून आता ही तपासणी आपल्याच अंगावर आलीय.

वन नेशन वन सबस्क्रिप्शन १ जानेवारी २०२५ ला सुरू झालं, ३० प्रकाशक, जवळजवळ १३ हजार जर्नल, तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी. पण ते केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे, तुमचं कॉलेज त्यात बसत नाही, आणि हे मला पटत नाही, उमरेडच्या पोराला वाचायची गरज कमी आहे का? शिवाय ती जर्नल वाचायची योजना आहे, कोणी कोणाला साईट केलं ते शोधायचा डेटाबेस ही वेगळी गोष्ट.

त्यासाठी तुम्ही ओपनॲलेक्स वापरा. जानेवारी २०२२ पासून आहे, वेबसाईटवर शोधायला फुकट, आणि डेटा कोणीही घ्यावा असा खुला. मायक्रोसॉफ्टने आपला अकॅडेमिक ग्राफ हा पेपर-सायटेशनचा साठा बंद केला तेव्हा त्याची जागा घ्यायला एका ना-नफा संस्थेने तो उभा केला, नाव ठेवलं अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयावरून. नोंदींमध्ये चुका सापडतात, तपासून घ्या. सोबत गूगल स्कॉलर आहेच, त्यात तुमच्या विषयाचा अलर्ट लावून ठेवा, नवीन पेपर आला की मेल येतो.

प्रश्न : मी विदर्भातल्या लोकगीतांवर मराठीत लिहितो. माझे लेख मराठी नियतकालिकांत आहेत, डेटाबेसमध्ये एकही दिसत नाही. म्हणजे माझं संशोधन धरायचंच नाही का?
— मराठीचा पीएच.डी. विद्यार्थी, महाल

धरायचं! डेटाबेसमध्ये नाही म्हणजे काम नाही असं कोणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठव. कारण साधं आहे, स्कोपसमध्ये यायला जर्नलला लेखाचं शीर्षक आणि ॲबस्ट्रॅक्ट इंग्रजीत लागतं, संदर्भ रोमन लिपीत लागतात, आणि आपली बहुतेक नियतकालिकं तशी निघत नाहीत. हा गाळणीचा दोष आहे, धान्याचा नाही. तू ऑर्किडमध्ये तुझे लेख हाताने भर, मराठी शीर्षकासकट, नियतकालिकाचं नाव, महिना, वर्ष आणि पान नंबर लिहून. थिसिस झाला की शोधगंगावर (थिसिसच्या ऑनलाइन भांडारात) जाईल तेव्हा इंग्रजी गोषवारा नीट लिहून दे, घाईत नको, बाहेरच्या माणसाला तू त्याच्यावरूनच सापडशील. आणि ज्या म्हाताऱ्या बायांकडून गाणी घेतलीस त्यांची नावं, गाव आणि तारीख प्रत्येक गाण्याखाली लिही, त्यांना विचारून.