गुडघ्यातील धातू आणि विमानतळावरील झडती

प्रश्न : माझे वय ६८ वर्षे असून माझ्या दोन्ही गुडघ्यांवर सांधेरोपण झाले आहे. मुलीकडे बंगळूरला जाताना विमानतळावरील तपासणीच्या चौकटीतून गेले की दर वेळी यंत्र वाजते. डॉक्टरांचे प्रमाणपत्र दाखवूनही झडती होतेच. मागच्या खेपेस पडदा पुरता ओढलेला नसताना मला साडी गुडघ्यांपर्यंत वर घ्यायला सांगण्यात आले, तेव्हा फार अपमान वाटला. यजमानांना पेसमेकर बसवलेला असल्याने त्यांचीही धास्ती वाटते. आम्ही काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पडदा उघडा असताना तुम्हाला साडी वर घ्यायला सांगणे ही चूकच होती आणि सुरक्षेचे कोणतेही कारण तिचे समर्थन करू शकत नाही. प्रमाणपत्राच्या बाबतीत मात्र मी कर्मचाऱ्यांची बाजू घेईन. चौकटीतील बदलते चुंबकीय क्षेत्र कोणत्याही धातूत सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण करते आणि यंत्र तेवढेच ओळखते. तो धातू कातडीच्या आत आहे की कपड्यांखाली, हे त्याला कळत नाही. कागद कोणीही आणू शकतो, म्हणून तो पाहिल्यावरही खात्री करावीच लागते.

खात्री करण्याची रीत मात्र बदलता येते. नृत्यांगना सुधा चंद्रन यांना कृत्रिम पाय दर वेळी काढायला लावला जात असे. २०२१ मध्ये त्यांनी चित्रफितीद्वारे पंतप्रधानांना आवाहन केले, तेव्हा विमानतळांवर तपासणी करणाऱ्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने जाहीर दिलगिरी व्यक्त केली. प्रसिद्ध व्यक्तीला मिळालेला हा न्याय सांगलीच्या गृहिणीलाही मागता आला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

यावर तांत्रिक उपायही आहे. मिलिमीटर लहरींचा बॉडी स्कॅनर कातडीवरून परावर्तित होणाऱ्या लहरी टिपतो, त्यामुळे शरीरातील सांध्यावर तो सहसा अडत नाही आणि त्यात क्ष-किरणही नसतात. नागरी विमान सुरक्षा विभागाने २०१९ मध्येच असे स्कॅनर बसवण्याचे निर्देश दिले होते, परंतु ठरलेल्या मुदतीत ते काम झाले नाही. या दिरंगाईची किंमत तुमच्यासारखे ज्येष्ठ प्रवासी मोजत आहेत, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. तुमच्या विमानतळावर स्कॅनर असेल तर त्यातून तपासणी करण्याची विनंती जरूर करा.

नसेल तर चौकटीत शिरण्याआधीच गुडघ्यांविषयी सांगा. महिला कर्मचारीच झडती घेतील, पडदा पूर्ण ओढलेला असेल आणि उभे राहणे जड जात असल्यास खुर्ची मिळेल, असा आग्रह धरा; सोबत मुलगी असेल तर तिला आत येऊ देण्याची विनंती करा. पुन्हा गैरवर्तन झाले तर तेथेच पाळीच्या अधिकाऱ्याला भेटा, आणि वेळ व तपासणीची जागा टिपून ठेवून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा संकेतस्थळावर तक्रार नोंदवा.

यजमानांनी चौकटीतून नेहमीच्या चालीने जाण्यास सामान्यतः धोका नसतो. फक्त तेथे थांबू नये किंवा टेकू नये. हातातील डिटेक्टर छातीवर धरून ठेवण्याऐवजी हाताने झडती घ्यावी, असे त्यांनी आधीच सांगावे. पेसमेकरचे ओळखपत्र ट्रेमध्ये न ठेवता हातातच ठेवावे, म्हणजे ते सामानाबरोबर पुढे निघून जाणार नाही.