मोबाईलवर ऐकू येईल आणि डीजेवर घुमेल असा बेस फुकटच्या सिंथवर कसा बनवायचा?

तुमचा प्रश्न असा: घणसोलीत घरच्या लॅपटॉपवर हळदीची गाणी, कोळीगीतं अरेंज करता. बेस हेडफोनमध्ये दणदणीत वाटतो, पण मोबाईलवर गायब होतो आणि मांडवातल्या डीजेवर नुसता गढूळ घुमतो. तर आता महागडा सिंथ, म्हणजे आवाज तयार करणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर, घ्यावा का?

नका घेऊ. अडचण सिंथच्या किमतीची नाहीच. बेस कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बसलाय आणि त्याच्या वर काय शिल्लक आहे, सगळं त्यावर आहे. मी कळव्याला राहतो, आगरी-कोळी गाण्यांचंच काम जास्त करतो, आणि माझा बहुतेक बेस आजही व्हायटल या सिंथ सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीतून निघतो. पैसे भरले की प्रीसेट (तयार आवाज) आणि वेव्हटेबल (लाटांचे कच्चे आकार) जास्त मिळतात, आवाज तयार करणारं इंजिन तेच असतं.

सुरुवात पट्टीपासून करा. समजा गायक काळी एकला गातोय. तिथला अगदी खालचा सा घेतलात तर तो ३५ हर्ट्झच्या आसपास जातो. एवढं खाली मांडवातल्या साध्या सबवूफरला झेपत नाही, आणि अँप्लिफायरची ताकद मात्र तिथेच खर्च होते. तोच सा एक सप्तक वर घ्या, ६९ हर्ट्झ होईल आणि बेस थेट छातीवर येईल. पांढरी चारला ४४ किंवा पांढरी सहाला ५५ हर्ट्झचा सा मात्र बिनधास्त चालतो. व्हॉक्सेंगोचा स्पॅन नावाचा फुकट अ‍ॅनालायझर ट्रॅकवर टाकून ठेवला की बेस कुठे बसलाय ते डोळ्यांनी दिसतं.

आता आवाज. बेस दोन ट्रॅकवर बनवा: एक फक्त खालचा, म्हणजे सब, आणि दुसरा वरचा, ज्याच्यामुळे बेसला चेहरा येतो. दोघांना एकच मिडी, म्हणजे त्याच नोटा, द्या.

सबसाठी व्हायटलमध्ये एकच ऑसिलेटर (मूळ लाट काढणारा भाग) ठेवा, बेसिक शेप्समधली साइन वेव्ह घ्या, व्हॉइसेस १ करा आणि लेगॅटो (नोटा न तोडता जोडणं) चालू करा. मग ऑसिलेटरवर फेजच्या बाजूला जो रँडमचा आकडा असतो तो शून्यावर आणा. ही गोष्ट बहुतेक जण बघतच नाहीत, आणि बेस कधी ठोस तर कधी पोकळ लागतो त्याचं कारण बऱ्याचदा इथेच असतं. ६९ हर्ट्झची एक पूर्ण लाट व्हायला जवळजवळ साडेचौदा मिलिसेकंद लागतात. रँडम चालू असेल तर प्रत्येक नोट लाटेच्या वेगळ्याच जागेवरून सुरू होते. कधी ती किकला साथ देते, कधी किकलाच खाते. शून्य केलं की प्रत्येक ठोका सारखा पडतो. एन्व्हलपचा अटॅक, म्हणजे आवाज चढायला लागणारा वेळ, तीन ते पाच मिलिसेकंद ठेवा, नाहीतर नोटेच्या सुरुवातीला टिकटिक येते. सबवर कोरस, रिव्हर्ब, स्टीरिओ यातलं काहीही नको.

वरच्या ट्रॅकला सॉ वेव्ह घ्या. दोन ऑसिलेटर, एकमेकांपासून जरासे डीट्यून केलेले, म्हणजे सुरातून किंचित ढळवलेले. लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी कापणारा) लावा आणि त्याच्या कटऑफला दुसरा एन्व्हलप जोडा: अटॅक शून्य, डीके (उतरायला लागणारा वेळ) २०० ते ३०० मिलिसेकंद, सस्टेन (नंतर टिकणारी पातळी) अगदी कमी. नोट लागताक्षणी फिल्टर उघडतो आणि लगेच मिटतो, त्यातूनच तो 'डुंव' येतो. शेवटी इक्यूने १२० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका. तो मुलूख सबचा.

मोबाईलचं कोडं इथेच सुटतं. मोबाईलचा इवलासा स्पीकर २०० हर्ट्झच्या खाली जवळपास काहीच वाजवत नाही, मग ६९ हर्ट्झची शुद्ध साइन ऐकू येणार कशी? पण आपल्या कानाची एक खुबी आहे. १३८, २०७, २७६ असे ६९ च्या पटीतले हार्मोनिक्स एकत्र ऐकू आले की मूळ ६९ नसतानाही मेंदू तो सूर धरतो. म्हणून वरच्या ट्रॅकवर सॅच्युरेशन, म्हणजे आवाज किंचित फाडून नवे हार्मोनिक्स काढणं, हवंच. सॉफ्टट्यूबचा सॅच्युरेशन नॉब फुकट आहे आणि त्याला मोठं बटण एकच. त्याखालच्या स्विचवर 'कीप लो' केलं की खालचा भाग साफ राहतो आणि वरचा तापतो. क्लँगहेल्मचा इव्हगीही फुकट आहे, त्याचा आवाज थोडा मऊ. बटण फिरवताना कान मोबाईलवर ठेवा, हेडफोनवर नको. मोबाईलवर चाल ओळखू आली की थांबा. ओटीटी हा फुकट कॉम्प्रेसर (आवाजाची चढउतार आवळणारा) सगळीकडे सुचवला जातो. वरच्या ट्रॅकवर थोडासा चालेल, सबवर अजिबात लावू नका.

आता आपल्या गाण्यांची खरी मेख. परदेशी ट्यूटोरियलमध्ये खालच्या जागेवर किक आणि बेस एवढे दोघेच असतात. आपल्याकडे ढोलकी असते, आणि तिच्या डाव्या पुडीचा घुमारा नेमका बेसच्याच जागेत बसतो. शिवाय तो एका सुरावर थांबत नाही, सरकतो. तुमचं डीजेवर जे गढूळ होतंय ते माझ्या मते इथेच. आधी डाव्या पुडीचा सूर स्पॅनवर बघा. तो बेसच्या 'सा'पासून थोडासाच ढळलेला असेल तर ढोलकीचं सँपल एकदोन सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) नव्हे, पार सुरात येईपर्यंत सरकवा. मग बेसच्या नोटा आखूड करा. सहा-आठच्या ठेक्यात सगळ्या मात्रा बेसने भरल्या की नाचणाऱ्याच्या पायाला जागाच उरत नाही. मी पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर बेस देतो, सहावी ढोलकीला मोकळी सोडतो.

किकसाठी साइडचेन लावा, म्हणजे किक वाजली की बेस क्षणभर दबेल. रिपर या गाणी रेकॉर्ड-मिक्स करायच्या सॉफ्टवेअरमध्ये किकच्या ट्रॅकवरून बेसच्या ट्रॅकला ३/४ चॅनेलवर सेंड द्या, बेसवर रीकॉम्प हा रिपरचाच कॉम्प्रेसर टाका आणि त्याचा डिटेक्टर ऑक्झिलरी इनपुटवर ठेवा. रिलीज (दबलेला बेस परत वर यायचा वेळ) १०० मिलिसेकंदांच्या आसपास. बेस दबतोय हे जाणवता कामा नये, फक्त किक स्वच्छ यावी.

एक ग्लाइडचंही. लेगॅटो चालू असताना ६० ते ८० मिलिसेकंद ग्लाइड (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकायचा वेळ) द्या आणि नोटा एकमेकींवर किंचित चढवा, म्हणजे बेस मींड घेतल्यासारखा सरकतो. रोलँडच्या टीबी-३०३ या यंत्राची ओळखच ही. गिटार वाजवणाऱ्याला बेसची साथ मिळावी म्हणून ते बनवलं होतं. १९८२ मध्ये मुंबईतले वादक चरणजित सिंग यांनी त्याच यंत्राच्या साथीने, टीआर-८०८ या ड्रम मशीनच्या ठोक्यांसोबत, राग वाजवून रेकॉर्ड केले. मला याचा फार अभिमान वाटतो. सरकणारा इलेक्ट्रॉनिक बेस आपल्या चालींना परका नाही, आपल्याच शहरात तो रागाला लावून झालाय.

स्पीकर घ्यायची घाई करू नका. आपल्याकडच्या फ्लॅटमधली बेडरूम साधारण दहा फूट. दोन भिंतींमध्ये दहा फूट अंतर असेल तर ५६ हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच घुमते: भिंतीला टेकून बसलात तर पांढरी सहाचा सा दुप्पट वाटेल, खोलीच्या मधोमध तोच नाहीसा होईल. अशा खोलीत स्पीकरवर बेस ठरवला तर तो खोलीचा ठरतो, गाण्याचा नाही. त्यापेक्षा बंद कपांचा बरा हेडफोन घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन कानाला लावून बघून घ्या, ऑनलाइन फोटो बघून नको.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात. व्हायटल जुन्या लॅपटॉपला जड गेलं तर सर्ज एक्सटी घ्या. ते फुकट आहे, २०१८ पासून ओपन सोर्स आहे, आणि वरचं सगळं त्यात होतं. टॅल-नॉइजमेकर त्याहून हलका. जुन्या यामाहा डीएक्स७ सारखा काचेरी, टणक बेस हवा असेल तर डेक्स्ड. रिपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, नंतर घरच्या कामासाठी परवाना ६० डॉलर. एफएल स्टुडिओच्या ट्रायलमध्ये सेव्ह केलेला प्रोजेक्ट पुन्हा उघडता येत नाही, हे आधीच माहीत असू द्या. क्रॅकच्या नादी लागू नका. त्यातून व्हायरस आला तर लॅपटॉपवरची सगळी गाणी जातील, आणि इतकं चांगलं फुकट मिळत असताना ती जोखीम घ्यायची कशाला?

गाणं डीजेवाल्याला देण्याआधी मास्टर मोनो करून एकदा ऐका, कारण मांडवातले सबवूफर बहुतेक मोनोवरच (डावं-उजवं एकत्र) चालतात. मोनोत बेस बारीक झाला तर वरच्या ट्रॅकचा डीट्यून कमी करा. फाइल पेनड्राइव्हवर वेव्हमध्ये द्या. एवढं करूनही गढूळ वाटलं तर गाण्याची पट्टी आणि ठेक्याचा वेग खाली कमेंटमध्ये लिहा. नोटांची लांबी आणि साइडचेनचा रिलीज त्यावरून बसवून देतो.