सीमा कडक केली की स्थलांतर खरंच कमी होतं का?

येणारे काही प्रमाणात घटतात, पण परत जाणारेही घटतात, आणि बऱ्याचदा जास्तच घटतात. तुमच्या प्रश्नात फक्त येणारे आहेत, म्हणून ही दुसरी बाजू आधी सांगतो.

अमेरिका-मेक्सिको सीमा घ्या. 1942 ते 1964 या काळात 'ब्रासेरो' करारानुसार मेक्सिकन मजूर शेतीच्या हंगामापुरते कायदेशीरपणे येत. करार संपला, शेतातलं काम मात्र तसंच राहिलं. मग तीच माणसं कागदांशिवाय येऊ लागली. तरी आपल्या ऊसतोडीच्या टोळ्यांसारखी हंगाम संपला की बहुतेक जण घरी जात, कारण पुढच्या वर्षी परत येणं सोपं होतं.

ऑक्टोबर 1994 मध्ये अमेरिकेने सॅन दिएगोजवळ 'ऑपरेशन गेटकीपर' ही सीमा कडक करण्याची मोहीम सुरू केली. गस्त वाढली, दिवे लागले. हेलिकॉप्टर उतरवायला वापरतात त्या जुन्या पोलादी पत्र्यांचं कुंपण तिथे आधीपासून होतंच. सीमेच्या उरलेल्या भागातलं वाळवंट कुणी ओलांडणार नाही, असा हिशोब होता. लोक तिकडूनच निघाले. अ‍ॅरिझोनात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. चालणाऱ्याला दिवसाला निदान 6 लिटर पाणी लागतं, म्हणजे तीन दिवसांच्या वाटेला 18 किलो नुसतं पाणी. एवढं ओझं घेऊन चालवत नाही, म्हणून लोक कमी पाणी घेतात आणि ते वाटेतच संपतं. तिथल्या मृत्यूंना अपघात म्हणणं मला पटत नाही. वाट तिकडे वळवली ती धोरणानेच.

दलालांचे दरही काही शे डॉलरवरून काही हजारांवर गेले. एवढं कर्ज डोक्यावर घेऊन आलेला माणूस सणाला घरी जाईल कसा? तो तिथेच राहतो आणि पुढे बायकामुलांना बोलावून घेतो. जर्मनीने 1973 मध्ये परदेशी कामगारांची भरती थांबवली, तेव्हाही हेच झालं. तिथले तुर्की लोक तेव्हा सुमारे 9 लाख होते, 1980 पर्यंत ते 14 लाखांवर गेले.

बातम्यांतले आकडे वाचताना एक सांभाळा. 'इतके पकडले' हा आकडा घटनांचा असतो, माणसांचा नव्हे. मार्च 2020 ते मे 2023 मध्ये कोरोनाकाळातल्या 'टायटल 42' या अमेरिकी आरोग्य-आदेशाखाली अनेकांना खटला न भरता लगेच माघारी धाडत. शिक्षा नाही, म्हणून माणूस पुन्हा प्रयत्न करी आणि पुन्हा मोजला जाई. एकाच वर्षात पुन्हा पकडले जाण्याचं प्रमाण 2019 मध्ये 7 टक्के होतं, ते 2021 मध्ये 27 टक्के झालं. त्यामुळे दोन वर्षांची तुलना करताना वेगवेगळी माणसं किती होती, ते आधी शोधा.