एकटी बसते, की एकटी पडते?

"मॅडम, हिला मैत्रिणीच नाहीत. मधल्या सुट्टीत नुसती पायरीवर बसून असते म्हणे. एकलकोंडी होईल का हो ही?"

दुसरीतल्या मुलीची आई माझ्यासमोर होती आणि मुलगी कोपऱ्यात खडू घेऊन चित्र काढत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो आणि बहुतेक पालक तो मुलासमोरच विचारतात. 'एकलकोंडी' हा शब्द मुलीने ऐकला. तिचा खडू थांबला.

एकटं असणं वेगळं आणि एकटं पडणं वेगळं. काही मुलं आपल्या नादात रमतात; त्यांना उगाच ढकलू नये. ही त्यातली की नाही, ते तिच्याकडूनच कळायला हवं होतं. पण सात वर्षांच्या मुलाला "तुला एकटं वाटतं का?" असं थेट विचारलं, तर बरेचदा नुसती मान हलते. म्हणून आईला बाहेर बसायला सांगून मी तिला सुट्टीतलं मैदान काढायला लावलं. तिने सगळं काढलं. पकडापकडी, घसरगुंडी, नळापाशी एकमेकींवर पाणी उडवणाऱ्या दोघी. कोणावर राज्य आहे, हेसुद्धा तिला ठाऊक होतं.

"आणि तू कुठे?"

तिने पायरीवर एक ठिपका दिला. "इथून सगळं दिसतं." मग हळूच म्हणाली, "सुट्टीची घंटा झाली की पोटात दुखतं."

जिला खेळात रस नाही, ती कोणावर राज्य आहे हे कशाला लक्षात ठेवेल?

ती एकटी का पडली, ते आईच्या बोलण्यात जाता जाता आलं. यंदा तुकड्या बदलल्या आणि हिची बालवाडीपासूनची मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेली. "मी म्हटलं, त्यात रडायचं काय? नवीन होतील."

इथे माझंही चुकलं. मी आईला सुचवलं, रविवारी वर्गातल्या पाच-सहा जणींना घरी बोलवा. त्या आल्या, आपापसात मनसोक्त खेळल्या आणि ही स्वतःच्याच घरात दाराशी उभी राहिली. पुढच्या भेटीत आई माझ्यावर वैतागली होती, आणि ते बरोबरच होतं. रॉबर्ट वाइस या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच एकटेपणाचे दोन प्रकार सांगितले होते: एक, आपला गट नसल्याचा, दुसरा, अगदी जवळचं माणूस नसल्याचा. दुसऱ्यावर पहिल्याचं औषध चालत नाही. हे मी शिकले होते, तरी घाईत गर्दी सुचवून मोकळी झाले.

मग उलटं केलं. आधी हरवलेल्या मैत्रिणीबद्दल बोलू दिलं. "तिची आठवण येते ना? येणारच," एवढंच आईने म्हणायचं, पुढे 'पण' जोडायचा नाही. त्या मैत्रिणीशी आठवड्यातून एकदा भेटही ठरवली. शाळा बदलली नव्हती, तुकडीच बदलली होती, हे आम्ही मोठी माणसं विसरलोच होतो. वर्गातली मात्र एकच मुलगी निवडली, हिच्यासारखीच चित्रात रमणारी. एकच मुलगी, तासभर, हातात काहीतरी काम. काम असलं की बोलायचं ओझं राहत नाही.

राहिला मैदानाचा प्रश्न. आपण मुलांना शिकवतो, "जा, विचार, मी खेळू का?" याला "नाही" म्हणणं फार सोपं असतं. पुतालाझ आणि गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये दुसरी-तिसरीच्या मुलांचा अभ्यास केला. त्यात फारशी न आवडणारी मुलं चालू खेळात मध्येच प्रश्न विचारून किंवा स्वतःबद्दल सांगून लक्ष वेधत होती. मुलांची आवडती मुलं जे चाललंय त्यातच मिसळत होती. हिला बघणं तर उत्तम जमत होतं! मग आम्ही बाहुल्या घेऊन पुढची पायरी खेळून पाहिली: जवळ उभं राहायचं, तेच करायला लागायचं, चेंडू लांब गेला तर आणून द्यायचा. नाही जमलं तर कुठे जायचं, तेही आधीच ठरवलं. बाईंशी बोलून सुट्टीत तिला आणि त्या चित्रवाल्या मुलीला मिळून फळा सजवायचं काम मिळालं.

घरी आईचा रोजचा प्रश्न बदलला. "आज कोणाशी खेळलीस?" हा परीक्षेचा प्रश्न. त्याऐवजी "आज सुट्टीत काय काय दिसलं?"

मुलाला कोणी मुद्दाम वगळत असेल, चिडवत किंवा मारत असेल, तर मात्र हे काही करत बसू नका. तिथे सुधारायचं मूल नव्हे, तडक शाळेशी बोलायचं. आणि पोटदुखी, झोप मोडणं, शाळा नको म्हणणं आठवडेच्या आठवडे चाललं, तर डॉक्टरांना आणि समुपदेशकाला दाखवा.

तीनेक महिन्यांनी आईचा फोन आला. आवाजात तीच जुनी धास्ती. "मॅडम, काल परत पायरीवर एकटीच बसली होती. विचारलं तर म्हणते, मीच बसले, मला दमायला झालं होतं."

"पोट दुखलं का तिचं?"

थोडा वेळ फोनवर काहीच ऐकू आलं नाही. "नाही हो. पोटाचं तर किती दिवसांत बोललीच नाही."