गुरुजी भिंतीकडे तोंड करतात

«ताई, मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. माझे सासरे मराठी शाळेत गुरुजी होते. वय 78. जठराचा कॅन्सर लिव्हरपर्यंत गेलाय. बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या, सेवा करा. मालक गोव्यात कंपनीत आहेत, शनिवारी रात्री येतात आणि सोमवारी पहाटे जातात. सासूबाई चार वर्षांमागं गेल्या. त्यामुळं सगळं मीच करते. दिवसातनं दोन-तीनदा कपडे खराब होतात. मी साफ करायला गेले की मामा भिंतीकडं तोंड करतात, ते संपेपर्यंत वळत नाहीत. परवा म्हणाले, 'पोरी, तुझ्याकडनं हे करून घ्यायचं म्हणजे मी आधीच मेलो.' रात्री पोट धरून कण्हतात. अगदीच सहन होईना झालं की मी गोळी देते. पुण्याचे दीर रोज फोन करतात, आयसीयूत ठेवा, पैसे मी देतो. नणंद म्हणते, तुम्ही बाबांना उपाशी मारताय. मामा म्हणतात, मला दवाखान्यात नेऊ नका. माझं चुकतंय का?»

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही तुला तू म्हणते. तुझं चुकत नाहीये, हे आधी ऐक. पण तुझं पत्र तीनदा वाचल्यावर एक गोष्ट डोळ्यांत आली. दीर, नणंद, डॉक्टर या सगळ्यांचं म्हणणं तू लिहिलंस, आणि गुरुजींना काय हवंय ते सगळ्यात शेवटी, एका ओळीत. आपण त्या ओळीपासून सुरुवात करू.

ज्या माणसाने जन्मभर धोतराची निरी नीट केल्याशिवाय उंबरा ओलांडला नसेल, त्याला सुनेसमोर उघडं व्हावं लागतंय. त्याला भिंत सोडून दुसरं काय उरलं? घाणीचं काम टळणार नाही. त्याची रीत मात्र बदलता येते. गुरुजींचं आयुष्य वर्गाच्या दाराशी उभ्या पोराचं 'गुरुजी, आत येऊ का?' ऐकण्यात गेलं. उद्यापासून तूही दारात थांब आणि विचार, 'मामा, आत येऊ का?' ते 'ये' म्हणाले की जा. 'थांब जरा' म्हणाले तर पाच मिनिटं थांब. पाच मिनिटांनी काही बिघडत नाही, आणि दिवसभरात निदान एवढी एक गोष्ट त्यांच्या हुकमाने होते.

खाट कुठे आहे, ते तू लिहिलं नाहीस. आपल्याकडे आजारी माणूस सोप्यात ठेवायची पद्धत आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला भेटायला सोपं पडतं म्हणून. पण रस्त्यावरून जाणाऱ्यालाही तो दिसतो. त्यांना सोप्यातच राहायचं असेल तर सासूबाईंचं जुनं लुगडं दोरीवर टाकून आडोसा कर. साफ करताना दार लोट. अंगावर एक चादर कायम राहू दे, आणि जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडा कर. हात लावण्याआधी काय करणार ते सांग, 'आता कुशीवर वळवते, आता पाठ पुसते.' त्यांचे हात चालतात तोवर कोमट पाण्यातला फडका पिळून त्यांच्या हातात दे आणि तू तोंड फिरव. जेवढं त्यांना जमेल तेवढं त्यांचं, उरलेलं तुझं. लंगोटाला त्यांच्यासमोर 'डायपर' म्हणू नकोस, आणि भेटायला आलेल्या बायकांना आज किती वेळा झालं ते सांगू नकोस. त्यांना सगळं ऐकू जातं.

आणि हे सगळं बाईनेच का करायचं? गुरुजींच्या हाताखाली शिकलेली माणसं गावात असणारच. चाळिशी-पन्नाशीचा, समजूतदार असा एखादा निवड. आधी गुरुजींना विचार, त्यांनी होकार दिला तर त्याला सांग, 'दिवसाआड सकाळी येऊन मामांची आंघोळ घाल.' असा माणूस नाही म्हणत नाही, माझा अनुभव आहे. तो आपल्या शिक्षकाचे पाय धुतोय, असं त्याला वाटतं. रविवारी तुझे मालक आहेत, तेव्हा ते काम त्यांचं. दाढीसाठी आठवड्याला न्हावी घरी बोलाव. दाढी झाली, टोपी डोक्यावर आली की माणूस आरशात पुन्हा ओळखीचा होतो.

सारखं पडून राहिल्याने पाठीला होणाऱ्या जखमांचं मात्र विसरू नकोस. दर दोन तासांनी कूस बदलायची. पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवायच्या. कातडी लाल होऊन दाबल्यावरही लाली जात नसेल, तर ती जागा चोळायची नाही, त्या जागेवर झोपवायचं नाही. हवेची गादी भाड्यानेही मिळते. एकदा जखम पडली की तिच्या वेदनेत आणि वासात माणसाची उरलीसुरली लाज जाते.

आता वेदना. इथे मी जरा रागावून लिहिते, तुझ्यावर नाही. सहन होईना की गोळी, ही पद्धत तुला कुणीतरी चुकीची शिकवली. कॅन्सरच्या वेदनेची गोळी घड्याळ लावून द्यायची असते, दुखायच्या आधी. नाहीतर माणूस सारखा पुढच्या कळेची वाट बघत पडून राहतो. साध्या गोळ्यांनी भागत नसेल तर डॉक्टरांकडे मॉर्फिनचं नाव तू स्वतः काढ. साधी मॉर्फिनची गोळी बहुतेकदा चार-चार तासांनी देतात. 'नशा लागेल', 'श्वास बंद पडेल' असं लोक सांगतील. वेदनेसाठी, डॉक्टरांनी मोजून दिलेल्या, हळूहळू वाढवलेल्या मॉर्फिनने सहसा तसं होत नाही. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून बरोबर मागून घे. मॉर्फिन गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळत नाही. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्याने ते इतकं बांधून ठेवलं होतं की वर्षानुवर्षं माणसं तळमळत गेली. 2014 साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवता येतं. बेळगावच्या मोठ्या रुग्णालयांत 'पेन' किंवा 'पॅलिएटिव्ह' विभाग, म्हणजे आजार बरा होणारा नसला तरी त्रास कमी करणारा विभाग, कुठे आहे ते विचार. कागदपत्रं घेऊन घरच्या कुणी गेलं तर चालेल का, तेही विचार. गुरुजींना बसमध्ये बसवून फरफटत नेऊ नकोस. गावच्या आशाताईंनाही सांगून ठेव. आयुष्मान आरोग्य मंदिरांना, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रांना, ठरवून दिलेल्या कामांत अशा रुग्णांची काळजीही येते, त्यामुळे मदत मागताना संकोच नको.

आयसीयूचं. दीर वाईट नाहीत, लांब आहेत. लांबच्या माणसाला फक्त पैसे पाठवता येतात, म्हणून तो पैशाने होणारी गोष्ट सुचवतो. पण मी माझ्या आईला तसं पाठवलं होतं, म्हणून तुला सांगते. आजार बरा होणारा नव्हता, हे आम्हाला ठाऊक होतं. तरी लोक काय म्हणतील म्हणून अकरा दिवस ठेवलं. नाकातली नळी ओढू नये म्हणून तिचे दोन्ही हात पांढऱ्या पट्टीने खाटेच्या दांड्याला बांधले होते. हातातल्या पाटल्या काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर नाव लिहून माझ्या हातात दिल्या. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं भेट. रात्रीची नर्स चांगली पोर होती, पण तिला मराठी येत नव्हतं आणि आईला कानडी येत नव्हतं. पहाटे आई गेली तेव्हा आम्ही चौघं भावंडं खालच्या बाकड्यावर बसून होतो. मनगटावरचे वळ मी आंघोळ घालताना बघितले.

बरा होणारा आजार असेल तर आयसीयूसारखी जागा नाही. गुरुजींचा तसा नाही, हे डॉक्टरांनीच सांगितलंय. आणि शुद्धीवर असलेल्या माणसाने 'मला नेऊ नका' म्हटलं की तो निर्णय त्याचाच. तरी उद्या त्यांना बोलता येईनासं झालं तर हा वाद पुन्हा उठेल, म्हणून आत्ताच लिहून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 9 मार्च 2018 ला सांगितलं की सन्मानाने मरण येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या हक्काचाच भाग आहे, आणि असं आगाऊ लिहून ठेवलेलं इच्छापत्र चालतं. आधी त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, कुणाच्यानेच ते होत नसे. 24 जानेवारी 2023 च्या आदेशाने ते सोपं झालं. आता दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. आपल्या कर्नाटक सरकारनेही जानेवारी 2025 मध्ये त्यासाठी परिपत्रक काढलं. आपल्या वतीने कुणी बोलायचं, ते नाव त्यात लिहायचं असतं. नोटरी घरी येईल का, ते खानापुरात विचारून बघ. कुणी 'म्हणजे इच्छामरण का?' म्हणालं, तर सांग की नाही. इंजेक्शन देऊन जीव घेणं आपल्याकडे आजही गुन्हाच आहे. हा कागद फक्त एवढंच सांगतो की बरं करू न शकणारी यंत्रं मला लावू नका.

तो मजकूर गुरुजींना स्वतःच्या हाताने लिहू दे. पाटी मांडीवर दे, उशा लाव, हवे तर दोन दिवस लागू देत. सगळ्या गावाला अक्षर वळवून देणारा माणूस आहे. त्या अक्षरातला कागद व्हॉट्सअ‍ॅपवर दिरांना गेला की फोनवरचा सूर बदलेल.

नणंदेला समजव, पण मायेनं. शरीर मिटायला लागलं की भूक आधी जाते. न खाल्ल्यामुळे ते जात नाहीयेत, जायला निघालेत म्हणून खाणं सुटतंय. बळेबळे भरवलेला घास श्वासनळीत जातो, ठसका लागतो, फुप्फुसात जंतू होतात. शेवटच्या दिवसांत सलाईननेही बऱ्याचदा सूज आणि घशातली घरघरच वाढते. त्यांनी मागितली तर दोन चमचे पेज, नाही मागितली तर नाही. पण तोंड कोरडं ठेवायचं नाही. कापसाचा बोळा ओला करून दर तासाला ओठ, जीभ, हिरड्या पुसायच्या. हे काम नणंदेला दे, तिला बापासाठी काहीतरी करायचंच आहे. गुरुजींना चहा आवडत असेल तर तोच बोळा कोमट चहात बुडव. पोटात काही जात नाही, पण चव कळते.

पुढचं वाचताना तुला जड जाईल, पण तयारी असली की हात कापत नाहीत. शेवटच्या दोन-चार दिवसांत झोप वाढेल, लघवी कमी आणि गडद होईल, हातपाय गार पडतील, गुडघ्यांवर निळसर डाग दिसतील. श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होईल. घशात घरघर वाजेल. आपल्याला ते गुदमरल्यासारखं वाटतं, त्यांना बहुधा तसं जाणवत नाही. कुशीवर वळव, उशाकडची बाजू उंच कर, तोंडावर हलका पंखा लाव. घाबरून 108 ला फोन लावलास की ती गाडी दवाखान्यातच जाणार, मग इतके दिवस सांभाळलेलं सगळं दारात मोडेल. त्याऐवजी रात्रीबेरात्री फोन उचलणारे एक डॉक्टर आत्ताच ठरव आणि त्यांचा नंबर भिंतीवर लिही. मृत्यूच्या कारणाचा दाखला त्यांच्याकडूनच घ्यायचा आहे. शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तो फी न घेता द्यायचा असतो. नोंद 21 दिवसांच्या आत करायची.

आणि गर्दी होईल. कुणीतरी जाणतं माणूस म्हणेल, 'खाली घ्या, जीव खाटेवर अडकलाय.' जीव जाण्याआधी जमिनीवर घेण्याची आपली जुनी चाल आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण दुखऱ्या अंगाला चार जणांनी उचलून गार फरशीवर ठेवायचं का, हे ठरवायचा हक्क गुरुजींचा आहे. आजच विचार. 'शेवटी खाली घेऊ की गेल्यावर घेऊ? तुळशीचं पान कुणाच्या हातनं? भजन हवं की शांत?' हे विचारणं अभद्र वाटतं. मी वडिलांना विचारलं तेव्हा मलाही वाटलं होतं. ते हसले, म्हणाले, 'बरं झालं विचारलंस, तुझा काका टाळ बडवत बसला असता.'

शेवटचं तुझ्याबद्दल. दर दोन तासांनी कूस बदलणारी बाई झोपते कधी, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. आज दिरांचा फोन आला की सांग, 'भावजी, पैसे नकोत. आठ दिवसांची रजा काढून या. रात्री बारा ते पहाटे पाच मामांजवळ तुम्ही बसा, मी आत झोपते.' आणि ते आले की पहिल्या रात्री त्यांना फक्त दोन गोष्टी शिकव, कूस कशी बदलायची, आणि आत जाण्याआधी दारात थांबून विचारायचं.