‘घराले कायतरी लागलं हाय, मॅडम’

घर विकलं जात नाही, अशी तक्रार घेऊन समुपदेशकाकडे कोणी येत नाही. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, जेवण जात नाही, असं सांगत माणूस येतो आणि बोलता बोलता घर निघतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी समुपदेशनाचं काम करते. पोरं पुण्या-नागपूरला, वावर मक्त्यानं दिलेलं आणि गावातलं घर विकायला काढलेलं, अशी कुटुंबं इथे नेहमीच येतात. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: घर चांगलं आहे, तरी जात का नाही?

त्यांतल्या एका गृहस्थांची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय पन्नाशीचं, गाव दारव्ह्याच्या बाजूचं. समोर सपरी म्हणजे ओसरी, मधे दोन खोल्या, मागे गुरांचा कोठा आणि सांदवाडी म्हणजे परस, असं कवेलूचं, कौलारू घर. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या लिहून माझ्याकडे पाठवलं.

“घराले कायतरी लागलं हाय, मॅडम. गिऱ्हाईक येते, पाहते, चहा पिते अन् जाते. पुन्हा फोन नाही.”

वास्तूवाल्याला दाखवून झालं होतं. त्याच्या सांगण्यावरून दक्षिणेचं दार विटांनी बुजवलं होतं. ते दार रस्त्यावर उघडणारं होतं, हे मला पुढच्या भेटीत कळलं. म्हणजे आता गिऱ्हाइकाला बोळातून, कोठ्याला वळसा घालून, शेणाच्या वासातून घरात शिरावं लागत होतं आणि आतल्या खोलीत भरदुपारी दिवा लावावा लागत होता. दोष घालवायला केलेल्या उपायानं घराचं तोंडच झाकलं. मी वास्तूवर वाद घातला नाही. वाद घातला की माणूस पुढच्या वेळी येत नाही. एवढंच म्हटलं, “भाऊ, गिऱ्हाईक कुठून येतं ते मला कागदावर काढून दाखवा.” बोळाची रेघ काढताना त्यांचं त्यांनाच हसू आलं.

मग किंमत विचारली. अकरा लाख.

अकराच का, यावर ते अडले. शेजारचं घर कितीला गेलं, मोक्याची जागा, असं काहीबाही सांगू लागले. मी वही पुढे केली आणि हा आकडा कसा आला ते मांडायला सांगितलं. बँकेचं पीककर्ज तीन लाख. सावकाराचे दोन. मुलीच्या लग्नात जावयानं दिलेले दीड लाख. मुलाच्या शहरातल्या फ्लॅटसाठी द्यायचे साडेचार. बेरीज बरोबर अकरा. त्यात घर कुठेच नव्हतं, ना जागेचे चौरस फूट, ना गावातला भाव.

हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे. विकणारा आपल्या गरजेची बेरीज करतो आणि तिलाच घराची किंमत समजतो. गिऱ्हाईक दुसरंच गणित करतं. घरकुलाला सरकार अनुदान देतं, थोडे पदरचे घातले की सिमेंटचं नवं घर उभं राहतं, मग जुनं कवेलू कशाला घ्यायचं? ज्याच्याकडे जास्त पैसा आहे तो तालुक्याला प्लॉट घेतो. उरतो शेजारी, ज्याला भिंतीपलीकडची जागा हवी असते. पण तुम्ही कर्जात आहात हे त्याला तुमच्याआधी माहीत असतं, त्यामुळे त्याला घाई नसते. आकडा न उतरवता वर्ष गेलं की “यांचं घर जात नाही” अशी बोली गावात होते आणि तीच पुढच्या गिऱ्हाइकाला आधी ऐकू येते.

खरे भाव पाहायचे तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर झालेल्या व्यवहारांची सूची क्रमांक 2 पाहता येते. कागदावरचा आकडा खऱ्यापेक्षा कमी असू शकतो हे धरून चालायचं, पण अंदाज येतो. मुलानं मोबाइलवर पाहून सांगितलं. अकराच्या जवळपासही काही नव्हतं.

भिंतींना तडे होते, त्याचंही त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. काळी भारी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरच्या जुन्या घरांच्या भिंती तडकतात, ही करणी नव्हे. पण त्यांनी घर दाखवलं ते नेमकं मे महिन्यात, तडे सगळ्यात रुंद असताना, आणि नंतर जुलैत, कवेलू गळत असताना. कापसाचा पैसा लोकांच्या हाती येतो तो हिवाळ्यापासून. तेव्हा हे रुसून बसलेले.

सगळ्यात अवघड जागा कागदाची होती. तिथे प्रश्न कायद्याचा कमी आणि लाजेचा जास्त होता. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर वारलेल्या वडिलांचंच नाव होतं. तो कर आकारणीचा उतारा, एकट्यानं मालकी सिद्ध करत नाही. गावठाणाची ड्रोननं मोजणी करणारी स्वामित्व योजना 2020 साली सुरू झाली, तिचा ड्रोन या गावावरूनही फिरला होता आणि गावठाणातल्या घरांच्या मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्डं, निघाल्या होत्या. यांच्या पत्रिकेवरही वडीलच. वारसांत आई, हे स्वतः आणि दोन बहिणी. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं मिळाला, हे आता खेड्यातलं गिऱ्हाईकही जाणतं. बहिणींच्या सह्या नसतील तर इसार द्यायला कोणी तयार होत नाही, बँक कर्ज देत नाही. दोन गिऱ्हाइकं इथूनच परत गेली होती.

“बहिणींशी बोललात?”

“कोणत्या तोंडानं बोलू, जी? राखी बांधाले येतात, तवा म्हणू का हक्क सोडा?”

हक्क सोडाच असं म्हणायची सक्ती कुठे आहे? बहिणी खरेदीखतावर ‘लिहून देणार’, म्हणजे विकणाऱ्या, म्हणून सही करू शकतात आणि आपला वाटा घेऊ शकतात. त्यांना तो सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, राखीच्या ताटाशी बोलून ते होत नाही. पण निवड त्यांची. या गृहस्थांच्या डोक्यात वाटा मागणारी बहीण आणि वाटा सोडणारी बहीण अशा दोनच बहिणी होत्या. प्रत्यक्षात थोरलीनं फोनवर विचारलं, “भाऊ, इतके दिवस सांगतलं काहून नाही?” धाकटीनं वाटा मागितला, आणि त्यात वाईट काही नव्हतं.

आईला मी स्वतंत्र बोलावलं, कारण त्यांच्या बायकोनं जाताजाता एक गोष्ट सांगितली होती. गिऱ्हाईक आलं की म्हातारी सपरीतून म्हणते, “पावसाळ्यात मांगची भित ओली होते, बाप्पा. लेकराबाळाचं घर असन तं पाहून घ्या.”

“आजी, असं का सांगता?”

“मी काय खोटं सांगतो का बाई? मले दुसऱ्या माळ्यावर नेऊन ठेवतीन. गुडघे हे असे. तिथून मी खाली कवा उतरू?”

घर विकण्याला तिची ना नव्हती. पुढे कुठे राहायचं, हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. कुटुंबाचं एकमत नसलेलं घर पाहुण्याला लगेच कळतं. मुलाशी बोलून शहरात तळमजल्याची भाड्याची खोली आधी ठरली, तेव्हा तिनं भिंतीबद्दल बोलणं सोडलं. ओल मात्र मी त्यांना लपवू दिली नाही. गावात ती सगळ्यांना माहीत असते, आणि लपवलं की भावाआधी भरवसा जातो.

दार गवंड्याकडून पुन्हा उघडून घेतलं. वारस नोंद झाली. आकडा उतरवताना त्यांना दोन भेटी रडू आलं, कारण आकडा उतरवणं म्हणजे कर्ज फिटणार नाही हे मान्य करणं होतं. त्या रात्रींसाठी बायकोला आणि मुलाला सोबत राहायला सांगितलं, कीटकनाशकाचे डबे घरातून हलवायला सांगितलं आणि डॉक्टरांनाही कळवलं. आपल्या भागात हे मी कुठल्याच कर्जदाराच्या बाबतीत टाळत नाही.

फेब्रुवारीत भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यानंच घर घेतलं. धाकटीचा वाटा दिला. सावकाराचं फिटलं, बँकेत निम्मं भरून उरलेल्याचे हप्ते पाडून घेतले. मुलानं फ्लॅट पुढे ढकलला आणि जावयाचे दीड लाख तेवढे राहिले, ते पुढच्या दोन हंगामांत द्यायचं ठरलं.